कासवांच्या ब्रँचमधला ट्रक

आमचं ॲप बनवायचं ऑफिस गोव्यात डिचोलीच्या बाजारात, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या भट्टीच्या वर. सकाळी जिन्यात गरम उंड्या पावांचा वास, दुपारी खालून येणारी आग, आणि संध्याकाळी पार्किंगवरून चालणारी भांडणं. ऑफिस म्हणजे दोन मेजं, एक पंखा, एकदा उघडलं की बंद न होणारं एक जनेल, म्हणजे खिडकी, आणि रघुनाथबाब गावस. ते मालक. आणि मी, सुविधा, त्यांचा अख्खा स्टाफ. पुण्यातल्या बऱ्या कंपनीत काम करून, गुरुदासशी लग्न करून मी डिचोलीजवळ मेणकुऱ्याला आले आणि नोकरी म्हणून नशिबात हे आलं.

रघुनाथबाबांच्या अकलेचं पहिलं दर्शन मला त्यांच्या मेजाखाली झालं. तिथे एक जुनी कॉम्प्युटरची पेटी होती, वर धुळीचा थर, बाजूला आगपेटी आणि उदबत्तीचं पाकीट. "आमची सगळी कामां ह्या पेटींत," ते अभिमानाने म्हणाले. सगळी कामं एकाच बेअर रिपोत. मला वाटलं ते थट्टा करतायत. नव्हते करत.

ज्यांना गिट माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. रघुनाथबाबांनाही मी हे बऱ्याचदा सांगितलं आहे आणि उपयोग झालेला नाही. प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदल केला हे गिट जपून ठेवतं. एका बदलाला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिट आधीच्या कमिटला धरून असतो, म्हणजे साखळीच. ती साखळी जिथे राहते ती रिपॉझिटरी, आम्ही रिपो म्हणतो. बेअर रिपोत नुसती साखळीच असते. तिथे बसून कोणी काम करत नाही. माणसं आपापल्या कॉम्प्युटरवर काम करतात आणि बदल तिथे नेऊन टाकतात, त्याला पुश म्हणतात. घर आहे पण राहतं कोणी नाही, फक्त मागचं सगळं जपलेलं आहे, असं समजा. आणि एका प्रोजेक्टला एक रिपो द्यायची, हे कॉलेजातल्या शेंबड्यांनाही कळतं.

रघुनाथबाबांनी एका रिपोत तीन प्रोजेक्ट कोंबले होते. प्रत्येकाची एक ब्रँच, म्हणजे एक वेगळी साखळी. एक ट्रक: खाणीवरचे कोणते ट्रक कुठे आहेत ते दाखवणारं ॲप. दुसरी फेरी: केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या वेळा. तिसरी कासव: मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी सांभाळणाऱ्या मंडळींसाठी. वर कडी म्हणजे डेटासुद्धा गिटमध्येच. ट्रकांच्या जागा, घरट्यांच्या नोंदी, सगळं तिथेच. असं कोणी करतं का? रघुनाथबाब करतात.

"आमच्या घरांत तीन भाव, तीन चुली," ते म्हणायचे. "घर एकूच. कोणाचां किते अडलां?"

"एका चुलीवरचं दुसऱ्या चुलीवर गेलं की कळेल काय अडतं ते."

"तू लय शिकल्ली गो," आणि ते हसायचे. माणसाला लाज म्हणून नसावी!

एकदा त्यांनी चुकीच्या फोल्डरमधून पुश केलं आणि सकाळी खाणीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाईलवर आलं, "ओहोटीमुळे फेरी बंद." गुरुदास स्वतः ट्रक चालवतो, तोही त्याच ॲपवर. घरी येऊन पोट धरून हसला. "तुझ्या शेटाक सांग, आमी नदी पोवन जातो." मला हसू आलं नाही. असल्या गचाळ कामाशी आपलं नाव जोडलं जातं याचाच संताप आला.

कासवांचं काम पाहणारी स्नेहा म्हणून एक मुलगी आहे, मूळची शिरोड्याची. मोरजीत राहते, उन्हाने काळवंडलेली, आणि कासवांबद्दल बोलताना देवीचा संचार झाल्यासारखी बोलते. मी तिलाही फार भाव दिला नव्हता. लोकांना उद्योग नसले की ते अंड्यांवर पहारा करतात, असं माझं मत. तिच्या यादीत प्रत्येक घरट्याची एक ओळ असायची. जागा, खोली, राखण कोणाची, अंड्यांतून किती बाहेर आले, आणि पिल्लं गेली ती दिशा. राखण करणाऱ्यांसाठीच्या सूचना मीच टाइप करून ॲपमध्ये टाकल्या होत्या. पिल्लाला हात लावू नये. त्याची वाट अडवू नये. आसपासच्या लाईट बंद कराव्या, कारण उजेड दिसला की पिल्लू समुद्र सोडून उजेडाकडे वळतं. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना द्यायची नोटीससुद्धा माझीच.

"आणि ताई, गंमत म्हणजे," स्नेहा फोनवर म्हणाली होती, "मादी अंडी घालायला परत किनाऱ्यावर येते. नर नाही येत. एकदा पाण्यात गेला की त्याचा जमिनीशी संबंध संपला."

हे मी जेवताना गुरुदासला सांगितलं. तो सुंगटाची कढी ओरपत होता. "बरां त्यांचां," म्हणाला. "परत येवन बायलेची बोलणी खावक नकोत." मी त्याच्या पाठीत चापट मारली. माझा या माणसावर जीव आहे. जगातल्या बहुतेकांना मी मूर्ख समजते, आणि हा एकटा त्यातून सुटलेला आहे.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी मी कासवांची यादी उघडली तर शेवटी एक नवी ओळ. घरट्याच्या नावाच्या जागी गुरुदासच्या ट्रकचा नंबर. खोली, सहा मीटर. कासव हातभर खणून थांबतं. राखण, सुविधा. बाहेर आले, कोरं. दिशा, कोरं.

मी खुर्ची मागे सारून उठले. "रघुनाथबाब! कितीदा सांगू? ट्रकचा डेटा कासवांत ढकललात परत!"

ते पोळी चहात बुडवून खात होते. "हांव? हांवें काल कॉम्प्युटर उघडूकच ना."

"मग कोणी उघडला? कासवाने?"

ती ओळ मी काढून टाकली, पुश केलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ओळ परत तिथेच. तोच नंबर, तीच खोली, तेच माझं नाव.

तेव्हा मी ते कोणी टाकलं ते पाहिलं. प्रत्येक कमिटवर करणाऱ्याचं नाव असतं. नाव दिल्याशिवाय गिट कमिट घेतच नाही, आधी तू कोण ते सांग म्हणून अडून बसतं. या कमिटवर नावाची जागा कोरी होती. खोटं नाव नव्हे, टोपणनाव नव्हे. काहीच नाही. पुढे पाहिलं तर त्या कमिटचा एक हात ट्रकच्या साखळीत आणि दुसरा कासवांच्या. म्हणजे दोन साखळ्या तिथे कोणीतरी जोडल्या होत्या. ज्यांची सुरुवात एक नाही अशा साखळ्या गिट सरळपणे जोडत नाही, तोंडावर नाही म्हणतं. मुद्दाम जबरदस्ती करावी लागते आणि ती कशी करायची हे रघुनाथबाबांना सात जन्मांत कळणार नाही.

म्हणून मी त्या दोन साखळ्या धरून मागे मागे गेले. दोघींची सुरुवात वेगळी असणार, तिथे पोचलं की हा खेळ कोणाचा ते कळेल. कामाला लागायच्या पहिल्या आठवड्यात त्या दोन्ही सुरुवाती मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आता एकच होती. ट्रकच्या तळाशी तो कमिट, कासवांच्याही तळाशी तोच. फेरी पाहिली, तिच्याही. आत एकही फाईल नाही, नाव नाही. रिकामा. साखळीच्या तळाशी नवा कमिट घुसवायचा तर वरचे सगळे बदलावे लागतात. वरचा एकही बदललेला नव्हता. प्रत्येक कमिटची खूण मी जुन्या प्रतीशी ताडून पाहिली.

"किते मेळ्ळां?" रघुनाथबाबांनी विचारलं.

"तुमची मूळ चूल," मी म्हटलं. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मेजाखाली वाकून उदबत्ती पेटवली आणि पेटीपुढे ओवाळली.

"व्हायरसला उदबत्तीने काही होत नाही हां!"

"असूं दी गो. तुका त्रास ना मगे?"

मला त्रास होता. मला असल्या माणसांचाच त्रास होता. मी पासवर्ड बदलले. पेटीची नेटची वायर उपटून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. ओळ काढली. सकाळी कुलूप जसंच्या तसं, वायर आत, आणि ओळ परत जागेवर. शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. तीन वेगळ्या रिपो, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, सगळं नव्याने, जुनी साखळी न घेता. स्वच्छ. कासवांची यादी मी हाताने नवीन फाईलमध्ये घातली, ती ओळ सोडून. सेव्ह केली, कमिट केली, चहा घेतला, परत उघडली.

ओळ तिथे होती. मागे गेले. माझ्या पहिल्या कमिटच्याही खाली तो रिकामा कमिट होता.

खरं सांगते, तेव्हा माझी नजर मेजाखालच्या उदबत्तीच्या पाकिटाकडे गेली. मग लगेच स्वतःचाच राग आला. मी काय उदबत्तीवाली आहे? मी त्या ओळीतली जागा नकाशावर टाकून पाहिली. मोरजी नव्हे, समुद्रही नव्हे. आमच्याच तालुक्यातली एक खाण. नाव घेत नाही, पण गुरुदासचा ट्रक तिथेच लागलेला होता.

त्याच संध्याकाळी स्नेहाचा फोन आला. "ताई, एक घरटं नकाशावर पार डिचोलीत दाखवतंय. तुमच्या इथे कासवं कधीपासून?" ती हसत होती. "आणि राखण तुमचीच लावलीय."

"डेटा बिघडलाय," मी म्हटलं. "करते नीट."

घरी गुरुदासला मोबाईलवरची जागा दाखवली. "इथे काय आहे रे?"

त्याने डोळे बारीक केले. "थंय? जुनो डंप. मातयेचो डोंगर नुसतो. थंय कोण जायना."

"तू जातोस?"

"कित्याक जाऊ? लोडिंग दुसऱ्या बाजूक आसा."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी दोन पोळ्या वाढल्या, त्याने मागितल्या नसताना. पुढचे काही दिवस ती ओळ मी काढलीच नाही. राहू दे म्हटलं, कुठे बिघडतंय. रघुनाथबाबांकडे पाहून नाक मुरडायचं काम तेवढं चालू ठेवलं.

आणि मग एका रविवारी गुरुदास ट्रक धुता धुता सहज म्हणाला, "फाल्यां सोमारा जुन्या डंपाचां लोडिंग सुरू. पयल्या पाळीत माझो नंबर."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली.

"जाऊ नको."

"कित्याक?"

आता काय सांगणार होते मी? ज्या बाईने आयुष्यभर कौल लावणाऱ्यांची, नजर काढणाऱ्यांची, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांची टर उडवली, तिने काय सांगावं? तरी सांगितलं. सगळं सांगितलं. यादी दाखवली, त्याचा नंबर दाखवला, खोली दाखवली, माझं नाव दाखवलं. माझा चेहरा पाहून त्याने आधी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले.

"म्हणजे कासवां सांगतत म्हणून मी घराक बसू?"

"हो. बस."

"सुविधा, पाळी सोडली तर परत नंबर कधी गावतलो? आणि थंय सांगू किते? बायलेच्या कॉम्प्युटरान नको म्हटलां?" त्याने ओल्या हाताने माझा गाल धरला. "तूच म्हणतस मगे, तुझो शेट बुर्सो, सगळां एकत्र कालवता म्हणून. तशीच ही भेसळ. तू उगाच भियतस."

माझंच बोलणं त्याने माझ्यासमोर ठेवलं. मी भांडले, रडले, ट्रकची चावी लपवली. सकाळी त्याने ती तांदळाच्या डब्यातून काढली, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि गेला.

मी ऑफिसला गेले. ट्रकचा नकाशा उघडून बसले. त्याचा ठिपका दिसत होता. खाणीत गेला, वजनकाट्यावर थांबला, मग डंपाकडे निघाला. त्या जागेपासून बराच लांब, लोडिंगच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. मी जरा श्वास सोडला. रघुनाथबाब माझ्या मागे येऊन उभे होते. एरवी मी हाकललं असतं.

"लांब आसा मगे?" ते म्हणाले.

"लांब आहे."

ठिपका विझला.

फोन दुपारी आला, गुरुदासच्या ओळखीच्या ड्रायव्हरचा. मशीनने डंप खालून ओरबाडला आणि वरचा अर्धा डोंगर बसला. बाकीचे ट्रक निघाले. एक नाही निघाला.

रघुनाथबाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. हेल्मेट घातलं नव्हतं, चप्पल कुठे गळून पडली आठवत नाही. सगळीकडे लाल धूळ, तोंडात लोखंडाची चव. मशीन खोदत होतं, तेही जिथे ठिपका विझला होता तिथे. सुपरवायझर हातात मोबाईल धरून उभा होता. मोबाईलवर आमचंच ॲप.

"इथे नाही," मी त्याला म्हटलं. "तिकडे खणा." मी कासवांची यादी पुढे केली. त्या जागेवर बोट ठेवलं. "सहा मीटर खाली."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. वर कासवाचं चित्र होतं, मीच लावलेलं. "बाई, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा," तो म्हणाला. अगदी माझ्याच सुरात म्हणाला. मी रघुनाथबाबांशी बोलते त्या सुरात.

तेव्हा रघुनाथबाब, ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, सरळ मशीनपुढे जाऊन उभे राहिले. मातीत, बुटांसकट, दोन्ही हात वर करून. "आदीं थंय खण," ऑपरेटरला ओरडून म्हणाले. "ना तर माका पुरून फुडें वच!"

ऑपरेटरने मशीन वळवलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मशीनचं बकेट ट्रकच्या पत्र्यावर घासलं.

केबिनची काचसुद्धा फुटली नव्हती.

गुरुदास सीटवर बसलेला होता. हात स्टिअरिंगवर. डोळे उघडे.

श्वास चालू होता.

इतका वेळ केबिनमध्ये हवा पुरत नाही. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आणि वर नशीब म्हणून सोडून दिलं. तेव्हा मला कशाचंच काही नव्हतं. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होते. लोकांनी दार तोडलं, हात पुढे केले. त्याने कोणाचा हात घेतला नाही. तो स्वतः बाहेर आला. आधी डोकं, मग खांदे. उतारावर तो पोटावर आला, कोपरांनी माती मागे सारत पुढे सरकला. एकदा थांबला. मान उचलून इकडे तिकडे फिरवली. मी त्याच्या उजव्या बाजूला होते, हाताच्या अंतरावर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सूर्य जिकडे उतरत होता तिकडे तोंड वळवलं आणि सरकायला लागला.

"शॉक बसला," कोणीतरी म्हणालं. मी त्याला कवटाळलं. तो थंडगार होता आणि त्याच्या केसांतून पडलं ते पांढरं होतं. लाल मातीच्या डोंगराखालून काढलेल्या माणसाच्या केसांत वाळू.

हॉस्पिटलमध्ये सगळं नॉर्मल निघालं. खरचटलंही नव्हतं. कॉरिडॉरमध्ये बसून मी मोबाईलवर कासवांची यादी उघडली. बाहेर आले, एक. दिशा, समुद्र.

त्याला मी घरी आणलं. माणूस माझाच आहे. हसतो, नाव घेऊन हाक मारतो, गालाला हात लावतो. फक्त पेजेत मीठ घालतो, चव घेतो आणि परत घालतो. ट्रककडे फिरकत नाही. पडवीतल्या दगडी सोप्यावर नेहमी एकाच बाजूला तोंड करून बसतो. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी दिवेलागणीला तो घरात नव्हता. शेजारच्या शिवदासने त्याला अस्नोड्याच्या पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या कोलवाळच्या रस्त्यावर गाठलं. अनवाणी. सरळ चालत होता. शिवदासने हाक मारली तर थांबला नाही. मोटरसायकलची लाईट तोंडावर पडली तेव्हा मात्र थबकला, वळला, आणि त्या लाईटमागून मुकाट घरापर्यंत चालत आला.

हे ऐकल्यावर मला काय करायचं ते कळलं. मीच तर टाइप केलं होतं ते.

आता आमच्या घरात सगळ्या लाईट चालू असतात. खोल्यांत ट्यूब, पडवीत बल्ब, आणि अंगणात जत्रेला लावतात तसले दोन मोठे हॅलोजन, भाड्याने आणलेले. पश्चिमेची जनेलं मी काळ्या प्लास्टिकने बंद केली. अंधार पडायच्या आधीच सगळं पेटवते. तो अस्वस्थ होतो, फाटकापर्यंत जातो, मग लाईटकडे बघतो आणि हळूहळू परत येतो. वाड्यावरचे लोक हसतात. शिवदासची बायको विचारते, लग्न कोणाचां गो? हसा म्हणावं. तुमच्या नवऱ्यांना तुम्ही कशाने धरून ठेवता ते मला माहीत आहे.

रघुनाथबाब एकदा उंडे घेऊन आले. पेटी बंद करून ठेवली म्हणाले, विजेची वायरसुद्धा काढली. मी त्यांना काही टोचून बोलले नाही. त्यांच्यादेखत मोबाईल उघडला. यादी उघडली. ओळ होती, राखणीला माझंच नाव. ते बराच वेळ गुरुदासकडे बघत बसले आणि चहा न घेता उठले.

स्नेहाला मी फोन करून एकच विचारलं. "नर खरंच परत येत नाहीत?"

"नाही ताई. कधीच नाही. का?"

"सहज," मी म्हटलं.

आज सकाळपासून लाईट नाही. कुठेतरी खांब पडलाय, उद्याशिवाय येणार नाही म्हणतात. दुपारपासून मी अख्ख्या घरात इन्व्हर्टरवर फक्त एक बल्ब ठेवला, पडवीतला. आता ऊन उतरलंय आणि इन्व्हर्टर बीप करायला लागलाय. गुरुदास सोप्यावर बसलाय. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवलाय. त्याने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने माझे केस मागे सारले, अगदी पूर्वीसारखे.

"पुरो आतां गो," तो मायेने म्हणाला. "ती लाईट बंद कर. उजेडात माका वाट दिसना."